एकाच ओळीतले दोन सेन्सर, दोन आकडे

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. निफाडच्या बाजूला दीड एकर थॉमसन द्राक्ष, डॉगरिज खुंटावर, जमीन भारी काळी. गोडी छाटणीच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या, आधी तुम्ही ओल मोजणारे दोन कपॅसिटन्स सेन्सर घेतले आणि एकाच ओळीत वीस फुटांच्या अंतराने नऊ इंच खोल बसवले. आता मणी ज्वारीएवढे झालेत. रात्री ठिबक चालवलं की सकाळी मोबाइलवर एक सेन्सर ५८ टक्के दाखवतो आणि दुसरा ३३. विकणारा म्हणतो, अचूकता अधिक-उणे ३ टक्के आहे, शंका नको. वडील म्हणतात, दोन्ही उपटा आणि फावडं घ्या. तुम्हाला जाणून घ्यायचंय की यातला खरा कोणता, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा आपल्या मातीशी जुळवून घेणं, घरच्या घरी होतं का.

होतं. मी सोळा-सतरा वर्षं दिंडोरी, निफाड, चांदवडच्या बागांमधून पाण्याचं नियोजन बघतोय आणि असे सेन्सर बरेच बसवले, बरेच उपटले. पण "खरा कोणता" या एका प्रश्नात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सेन्सर स्वतः ठीक आहे का? तो मातीला नीट चिकटून बसलाय का? त्याच्या आत जे सूत्र घातलंय ते तुमच्या मातीला लागू पडतं का? आणि त्या दोन जागांची ओल मुळात सारखी आहे का? कॅलिब्रेशन म्हणजे यातला फक्त तिसरा प्रश्न. बाकीचे तीन सोडवल्याशिवाय कॅलिब्रेशन करायला बसलात तर चुकीच्या आकड्याला पक्कं करून टाकाल.

आधी त्या ५८ टक्क्यांबद्दल. हा आकडा तुमच्या जमिनीत नऊ इंचांवर शक्यच नाही, आणि हे सेन्सर न उपटताही सांगता येतं. मातीच्या कणांची घनता साधारण २.६५ धरतात. तुमच्या जमिनीची स्थूल घनता, म्हणजे पोकळ्यांसकट मातीच्या एका घनसेंटिमीटरचं कोरडं वजन, समजा १.२८ ग्रॅम आहे. १.२८ भागिले २.६५ म्हणजे ०.४८. याचा अर्थ शंभर भागांपैकी ४८ भाग घट्ट माती आणि उरलेले ५२ भाग पोकळी. सगळ्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या, एक बुडबुडा हवेचा राहिला नाही, तरी घनफळाने ५२ टक्क्यांच्या वर पाणी मावणार कुठे? म्हणून हा सेन्सर जास्त दाखवतोय हे नक्की. पण त्यावरून ३३ वाला बरोबर ठरत नाही. पाणी दिल्याच्या दुसऱ्या सकाळी भारी काळ्या जमिनीत ३३ हा आकडा मला कमी वाटतो. माझा अंदाज असा की दोन्ही चुकतायत आणि दोघांची कारणं वेगळी आहेत.

आता सेन्सर नेमकं काय मोजतो ते बघू. तो पाणी मोजत नाही. दोन पात्यांच्या भोवतालची माती विजेचा भार किती धरून ठेवते ते मोजतो. हा गुण, म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, पाण्याचा ८० च्या आसपास असतो, मातीतल्या खनिजांचा ३ ते ५ आणि हवेचा १. पाण्याचा आकडा इतका मोठा असल्यामुळे मातीत पाणी वाढलं की एकूण आकडा झपाट्याने वाढतो. त्यावरून टक्केवारी काढायची सूत्रं आहेत. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं सूत्र कॅनडातल्या टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलं. साधारण खनिज मातीत ते चांगलं चालतं. चिकणमातीचं प्रमाण खूप असलं किंवा सेंद्रिय पदार्थ खूप असले की ते ढळतं.

आपली काळी माती नेमकी तिथेच बसते. तिच्यातली चिकणमाती फुगणाऱ्या जातीची आहे. तिच्या कणांचा पृष्ठभाग प्रचंड, त्यावर विद्युतभार, आणि पाण्याचा एक पातळ थर कणांना असा बिलगलेला असतो की तो मोकळ्या पाण्यासारखा वागत नाही. शिवाय ओली काळी माती वीज वाहून नेते. प्रयोगशाळेतलं टीडीआर, म्हणजे विजेचं स्पंदन सोडून ओल मोजणारं यंत्र, शेकडो मेगाहर्ट्झ ते गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतं, तिथे या वहनाचा त्रास कमी होतो. स्वस्त कपॅसिटन्स सेन्सर त्याच्या कितीतरी खाली चालतात. वारंवारिता जितकी कमी, तितका माती वीज वाहते त्याचा परिणाम आकड्यात जास्त मिसळतो आणि सेन्सरला वाटतं पाणीच जास्त आहे. तुमचा ५८ मला अशातला वाटतो. मुरमाड जमिनीत हाच सेन्सर कदाचित बराच बरोबर दाखवेल.

अधिक-उणे ३ टक्क्यांचा दावा खोटा असतो असं मी म्हणणार नाही. तो ठरावीक मातीत, ठरावीक तापमानाला, क्षार कमी असताना केलेला असतो. पण तो खरा धरला तरी तुमच्यासाठी त्याचा अर्थ काय होतो? मुळांच्या एक फूट थरात, म्हणजे ३० सेंटिमीटरमध्ये, ३ टक्के म्हणजे ९ मिलिमीटर पाणी. हिवाळ्यात बागेची दोन-तीन दिवसांची गरज तेवढीच असते. आणि भारी जमिनीत वाफशापासून झाड कोमेजण्यापर्यंतचा सगळा पल्लाच १५ ते २० टक्क्यांचा असतो. त्यात वर ३ आणि खाली ३ अशी ढिलाई धरली तर टक्केवारी बघून व्हॉल्व्ह उघडणं किती कच्चं काम आहे ते लक्षात येईल. म्हणून मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो की अचूकता एक गोष्ट आणि सातत्य दुसरी. ज्या सेन्सरचा आकडा चुकीचा आहे पण तेवढ्याच ओलीला दर वेळी तोच आकडा येतो, त्याच्यावर बाग चालवता येते. ज्याचा आकडा आज ३३ आणि परवा तेवढ्याच ओलीला ४० येतो, त्याला कुठलंही सूत्र वाचवू शकत नाही.

म्हणून पहिलं काम उद्या सकाळीच करा, त्याला खर्च नाही. दोन्ही सेन्सरजवळच्या ड्रिपरखाली कप धरा आणि घड्याळ लावून एक मिनिट पाणी गोळा करा. ड्रिपर ताशी ४ लिटरचा असेल तर मिनिटाला ६७ मिलिलिटर यायला हवं, २ लिटरचा असेल तर ३३. एका ठिकाणी ६५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४० आलं तर तुमच्या दोन आकड्यांतला मोठा हिस्सा तिथेच सापडला. विहिरीचं पाणी जड असलं की ड्रिपरच्या तोंडाशी चुना धरतो, बाहेरून दिसतही नाही. लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, ॲसिड देऊन बरेच महिने झाले असतील तर हे आधी तपासा.

दुसरं काम वडिलांना सोबत घेऊन करा. दोन्ही सेन्सरपासून फूटभर अंतरावर, ड्रिपरपासून तेवढ्याच लांबीवर, नऊ इंचांपर्यंत खणा आणि माती हातात घ्या. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि कंबरेच्या उंचीवरून टाकला की फुटावा, तो वाफसा. गोळा फुटत नाही, नुसता चपटा होतो आणि तळहाताला ओल लागते, तर पाणी जास्त आहे. गोळाच होत नाही, ढेकूळ कडक लागतं, तर कमी. हे जुनं परिमाण टक्क्यात सांगता येत नाही, पण दोन जागांची तुलना करायला याच्याइतकं पटकन दुसरं काही नाही. वडिलांचा हात पंचवीस-तीस वर्षं त्या मातीत गेलाय. दोन्ही खड्ड्यांची माती त्यांना सारखी लागली, तर फरक जमिनीत नाही, सेन्सरमध्ये किंवा त्याच्या बसण्यात आहे.

मग ३३ वाला सेन्सर काढा. ओढून नाही, बाजूने खणून. आणि काढताना नीट बघा की पात्यांच्या कडेने माती सगळीकडे चिकटली होती का. मला वाटतं तिथे फट सापडेल. कपॅसिटन्स सेन्सरला सगळ्यात जवळची, पात्याला लागून असलेली माती सगळ्यात जास्त जाणवते. तिथे दोन मिलिमीटर हवा असली तरी आकडा धाडकन खाली येतो, कारण हवेचा स्थिरांक १.

या फटीने मला एकदा फार वाईट धडा दिलाय. दहा-अकरा वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आम्ही सेन्सर बसवला. जमीन भेगाळलेली, कोरडी. पुरवठादाराचा माणूस घाईत होता. त्याने ऑगरने भोक पाडलं, सेन्सर सोडला आणि तीच सुकी ढेकळं वरून ढकलली. मी तिथे उभा होतो आणि थांबवलं नाही. व्हॉल्व्ह सेन्सरवर लावलेला, ३० च्या खाली आकडा गेला की ठिबक सुरू. आकडा ३० च्या वर कधी गेलाच नाही. ठिबक रोज चाललं. तीन आठवड्यांनी पानं पिवळट पडायला लागली, आम्हाला वाटलं लोहाची कमतरता. शेवटी त्या घरच्या काकूंनी बोदातली, म्हणजे वेलींच्या वरंब्यातली, मूठभर माती काढून नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हिला आंबूस वास येतोय, मुळी गुदमरलीय." खणल्यावर दिसलं, सेन्सरच्या एका बाजूला करंगळी जाईल एवढी पोकळी आणि त्याच्या दोन इंच पलीकडे माती लोण्यासारखी. पांढरी मुळी तपकिरी झाली होती. घडनिर्मितीच्याच दिवसांत हे झालं, पुढच्या हंगामात घड कमी लागले. ते नुकसान त्यांनी सोसलं, मला ते आजही लागतं. तेव्हापासून बसवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे मी कुठलाही सेन्सर व्हॉल्व्हला जोडू देत नाही.

काढलेला सेन्सर धुऊन पुसा आणि कोरड्या हवेत त्याचा आकडा लिहून ठेवा. मग प्लॅस्टिकच्या बादलीत आरओचं पाणी घेऊन मधोमध बुडवा, पात्यांपासून बादलीची भिंत आणि तळ चार इंच तरी लांब हवेत. पुन्हा आकडा लिहा. ॲपमध्ये टक्क्यांऐवजी कच्चा आकडा, म्हणजे व्होल्ट किंवा काउंट, दिसत असेल तर तोच घ्या, कारण टक्क्यांत त्या कंपनीचं सूत्र आधीच मिसळलेलं असतं. तिसरी पायरी ओल्या वाळूची. बादलीभर चाळलेली वाळू, मोजून घातलेलं पाणी, नीट कालवून, थर देत दाबून भरलेली. दुसरा सेन्सर पुढेमागे काढाल तेव्हा त्यालाही याच तीन कसोट्या लावा. दोघांचे आकडे तिन्ही ठिकाणी जवळपास जुळले तर यंत्रं ठीक आहेत. पाण्यातच टक्क्यांच्या आकड्यात दहा-बाराचा फरक पडला तर यंत्र बदलून मागा. सर्किट उघडं असलेल्या स्वस्त पट्टीच्या सेन्सरमध्ये कापलेल्या कडेतून ओल आत शिरते आणि आकडा महिन्या-महिन्याने सरकत जातो. तसले असतील तर कडांना इपॉक्सीचा थर देऊनच जमिनीत घाला.

आता परत बसवताना. काळ्या जमिनीत सेन्सर वाफशावरच बसवायचा, कोरड्यात कधीच नाही आणि चिखलातही नाही. चिखलात बसवला की आज घट्ट वाटतो आणि माती आकसली की पंधरवड्यात फट पडते. पुष्कळ ठिकाणी त्याच मातीचा पातळ काला करून भोकात ओतायला सांगतात. हलक्या आणि मध्यम जमिनीत, लांब नळीच्या सेन्सरला ते चालतं. पण आपल्या भारी मातीचा पातळ काला सुकताना इतका आकसतो की सेन्सरभोवती कड्यासारखी भेग पडते. म्हणून मी खड्डा खणतो आणि त्याच्या न हललेल्या उभ्या भिंतीत पाती आडवी, सरळ, न हलवता दाबतो. एकदा आत गेल्यावर वळवायचं नाही. वळवलं की भोक मोठं झालंच. मग खड्डा ज्या थराची माती त्या थरात, हाताने दाबत भरायचा. वायर सेन्सरकडून आधी खाली उतरवून मग वर आणायची, म्हणजे वायरच्या कडेने पाणी थेट सेन्सरवर उतरत नाही. आणि वायर बोदाच्या कडेने नेऊ नका, रोटर मारताना तुटते.

जागेचं विचाराल तर ड्रिपरच्या बरोबर खाली नको आणि ओलाव्याच्या कडेला नको. ड्रिपरपासून सहा ते आठ इंच लांब. काळ्या जमिनीत पाणी आडवं पसरतं, मुरमाडात सरळ खाली जातं, म्हणून मुरमाडात चार-पाच इंचांवरच बसवावं लागतं. माझा सल्ला असा की काढलेला सेन्सर आता जुन्या जागी घालू नका. पहिल्या सेन्सरच्याच वेलीजवळ, दीड फूट खोल घाला. नऊ इंचांवर दोन सेन्सर ठेवून तुम्ही त्यांचं भांडण सोडवत बसाल. एक नऊ इंचांवर आणि एक दीड फुटांवर असला, तर वरचा सांगेल पाणी कधी द्यायचं आणि खालचा सांगेल किती दिलं की बस. वरचा वर-खाली होतोय आणि खालचा एकाच उंचीवर चिकटून बसलाय, असं दिसलं तर तुम्ही रोज खाली पाणी वाया घालवताय आणि त्याबरोबर दिलेलं नत्रसुद्धा.

हे सगळं झाल्यावर खरं कॅलिब्रेशन. पुस्तकात बादलीची पद्धत असते. माती सुकवून, चाळून, टप्प्याटप्प्याने पाणी मिसळून, दर टप्प्याला सेन्सर खुपसून आकडा घ्यायचा. मुरमाड, पोयटा जमिनीत करा, उत्तम होते. भारी काळ्या मातीत ती मला कधीच समाधान देत नाही. पाणी मिसळताना गोळे होतात, आतला भाग कोरडा राहतो आणि शेतातली घनता बादलीत येत नाही. काळ्या जमिनीत कॅलिब्रेशन बागेतच करावं.

त्यासाठी लागते एक लोखंडी रिंग, आतला व्यास ५ सेंटिमीटर, उंची ५.१ सेंटिमीटर, एका बाजूने बाहेरून धार लावलेली. वेल्डिंगवाला जाड पाइपचा तुकडा कापून देतो. या मापाचं घनफळ १०० घनसेंटिमीटर येतं, त्यामुळे पुढचा हिशेब सोपा होतो. सोबत झाकणाचे सात-आठ डबे, सोन्या-चांदीच्या दुकानात असतो तसा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा आणि सुरी. ठिबक पोटभर चालवा, सेन्सरभोवतीची जागा मल्चिंग पेपरने झाका म्हणजे वरून वाफ उडणार नाही. मुरमाडात एक दिवस पुरतो, काळ्या जमिनीत दोन ते तीन दिवस थांबा. जास्तीचं पाणी निथरलं, आकडा सरळ झाला, की सकाळी सेन्सर वाचा आणि लगेच तीन रिंगा काढा. ड्रिपरच्या दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, सेन्सरच्याच खोलीला. सेन्सरच्या अगदी शेजारी खणू नका, तुम्ही केलेला खड्डाच पुढच्या वाचनात घुसेल. रिंग सरळ दाबायची, लाकडी ठोकळा ठेवून वरून हळू ठोकायची, मग भोवतालची माती काढून रिंग उचलायची आणि दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापायची. माती डब्यात, झाकण लगेच, वजन बांधावरच. घरी नेईपर्यंत ग्रॅम-दोन ग्रॅम पाणी उडून जातं.

मग झाकण काढून १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये. माती परीक्षण प्रयोगशाळेत ओव्हन असतो, विनंती केली तर डबे ठेवू देतात. घरचा ओटीजी वापरणार असाल तर आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण त्याच्या बटणावरच्या अंशांचा भरवसा नसतो. मायक्रोवेव्हमध्ये करू नका, कुठे जळतं आणि कुठे ओलं राहतं. समजा डब्याचं वजन वजा करून ओली माती १६८ ग्रॅम आणि सुकी १२८ भरली. पाणी गेलं ४० ग्रॅम, घनफळ १०० होतं, म्हणजे घनफळाने ४० टक्के. वजनाने काढलं तर ४० भागिले १२८, म्हणजे ३१ टक्के. इथे पुष्कळ जण घसरतात. प्रयोगशाळेचा कागद वजनाने टक्के देतो, सेन्सर घनफळाने दाखवतो, आणि शेतकरी म्हणतो सेन्सर नऊ टक्क्यांनी चुकला. चुकला नव्हता, दोन वेगळी मापं होती. आणि या १२८ मधूनच तुमच्या जमिनीची स्थूल घनताही मिळाली, १.२८. मी वर ती समजा म्हणून धरली, तुमची मोजून काढा.

एक बिंदू झाला. दुसरा बिंदू नेहमीचं पाणी द्यायच्या आदल्या सकाळी, माती उतरलेली असताना, तसाच तीन रिंगांचा. समजा वाफशाला सेन्सर ५८ दाखवत होता आणि रिंगांची सरासरी ४२ आली. पाण्याआधी सेन्सर ४४ आणि रिंगा ३१. सेन्सर १४ अंक उतरला, माती ११. ११ भागिले १४ म्हणजे ०.७९. तुमचं सूत्र झालं: सेन्सरचा आकडा गुणिले ०.७९, वजा साडेतीन. ५० दिसला की खरी ओल साधारण ३६. या दोन बिंदूंच्या मधल्या पट्ट्यात ही सरळ रेष चांगली चालते. त्याच्या खाली, खूप कोरड्यात, तिच्यावर विसंबू नका. तिन्ही रिंगांचे आकडे एकमेकांपासून तीन-चार टक्क्यांनी फाकले तर घाबरू नका, जमीन तेवढी वेगळी असतेच. सरासरी घ्या आणि पुढच्या पाळीला पुन्हा तीन काढा.

जास्त कोरडे बिंदूही लागतात, पण ते आत्ता नाही. मणी वाढायच्या दिवसांत कॅलिब्रेशनसाठी बागेला ताण देणं म्हणजे फुगवण घालवणं. ते बिंदू खरड छाटणीनंतर घ्या. छाटणीपासून साधारण ४० ते ६० दिवसांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, तेव्हा पाणी तसंही कमी करतो. त्या दिवसांतल्या दोन-तीन वाचनांनी तुमची रेष पूर्ण होईल. काळी माती कोरड्यात आकसते, तिची घनता बदलते, म्हणून त्या वेळी रिंगमधून घनताही नव्याने काढा, जुनी वापरू नका.

वाचन कधी घेता यानेही आकडा बदलतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी चांगलं ऊन असतं. काळ्या जमिनीत कमी वारंवारितेच्या सेन्सरचा आकडा जमीन तापली की वर चढतो. ॲपमधला आलेख दोन दिवस नीट बघा. मुळी पाणी ओढतेय तेव्हा आलेख दिवसा उतरतो आणि रात्री सपाट राहतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. पाणी न देता दुपारी आकडा वाढतोय, पहाटे पडतोय, तर ती ओल नाही, ऊब आहे. म्हणून रोज एकाच वेळी, सूर्य वर यायच्या आधीचं वाचन धरा. तसंच ठिबकमधून १३:०:४५ किंवा ०:०:५० ही पालाशची खतं सोडल्यावर आकडा उडी मारतो, कारण क्षार वाढले. खत सोडल्या दिवसाचं वाचन निर्णयात घेऊ नका आणि रिंगाही त्या दिवशी काढू नका.

शक्य असेल तर सेन्सरशेजारी एक साधा टेन्शिओमीटर बसवा. तो टक्के सांगत नाही, मुळीला पाणी ओढायला किती जोर लागतोय ते सांगतो, आणि झाडाला कळतं तेही तेवढंच. त्याला मातीचं सूत्र लागत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून तो फार उपयोगी. चिनीमातीचा कप रात्रभर पाण्यात भिजवा, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्यामुळे इथे तो ७०-७५ सेंटिबारपुढे (सेंटिबार हे त्या ओढीचं माप) टिकत नाही, हवा शिरते. माझ्या अनुभवात मणी वाढीच्या काळात मुरमाड जमिनीत २० ते ३० आणि भारी जमिनीत ४० च्या आसपास आलं की पाणी द्यावं. हे आकडे जमिनीवर, खुंटावर आणि अवस्थेवर अवलंबून आहेत, तुमच्या बागेला पाच-दहा इकडेतिकडे होतील. मण्यांत पाणी उतरायला लागल्यावर आणि काढणीच्या आधी ते पुन्हा बदलतात.

रोज किती पाणी द्यायचं याचा पाया मात्र मी सेन्सरवर ठेवत नाही. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र बाष्पीभवनावरून, वाढीच्या अवस्थेनुसार पाण्याच्या शिफारशी देतं. तो हिशेब मुख्य, सेन्सर आणि टेन्शिओमीटर त्याची तपासणी करतात. हिशेबाप्रमाणे दिलं आणि दीड फुटावरचा सेन्सर रोज थोडा थोडा चढतोय, तर कमी करा. दोन्ही उतरत चालले तर वाढवा. इतकं जमलं तरी तुमचे पैसे वसूल.

हे कॅलिब्रेशन कायमचं नाही. पण दर वर्षी सगळं परत करायचीही गरज नाही, पाऊस फुकटात तपासून देतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस झड लागून जमीन गच्च झाली की सेन्सर वर जाऊन एका आकड्यावर अडकतो. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तेवढ्याच गच्च जमिनीत तो चार-पाच अंकांनी खाली आला असेल तर फट पडली किंवा यंत्र बिघडलं, आणि मगच खणायचं.

थोडक्यात या आठवड्याचा क्रम असा: कप लावून ड्रिपर, वडिलांसोबत दोन खड्डे, ३३ वाल्याची बादलीत तपासणी आणि वाफशावर दीड फुटाला बसवणी, मग दोन वेळा तीन-तीन रिंगा. तोवर व्हॉल्व्ह हातानेच चालवा. रिंगांची वजनं झाली की मला पाठवा, रेष आपण मिळून काढू. पाठवताना रिकाम्या डब्याचं वजन प्रत्येक नमुन्यापुढे वेगळं लिहा आणि डब्यांवर नंबर ऑइल पेंटने टाका. मार्करने टाकलेले नंबर ओव्हनमध्ये उडतात.